वजनाच्या ऑपरेशनला ‘तासाभराचं काम’ म्हणतात, मग पेशंट चार तास आत का? भुलीच्या वेळेचा हिशोब

माझ्या मोठ्या बहिणीचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग कापून काढतात ते, पुण्यात. सर्जननी ओपीडीत सांगितलेलं, "तासाभराचं काम आहे." सकाळी साडेसातला तिला आत नेलं आणि साडेदहा वाजून गेले तरी काही निरोप नाही, भाऊजींचे तोवर तीन चहा झालेले आणि ओटीच्या दारावरच्या मावशींना चौथ्यांदा विचारून आले तर त्या आता यांच्याकडे बघायलाच तयार नाहीत. बिघडलं काहीच नव्हतं. आम्ही प्रश्नच अर्धा विचारला होता.

तर पहिलं काम, तीन वेळा वेगवेगळ्या विचारा. सर्जन सांगतात ती वेळ पहिल्या कटपासून शेवटच्या टाक्यापर्यंतची, म्हणजे स्लीव्ह साधारण एक ते दीड तास, बायपास (हृदयाचा नव्हे, जठर छोटं करून आतड्याला जोडतात तो) दोन-अडीच, कधी तीन, मिनी बायपास या दोघांच्या मधे कुठेतरी. भूल त्याच्या आधी सुरू होते आणि नंतर उतरते, मागचं-पुढचं मिळून अर्धा-पाऊण तास आणखी धरा. आणि पेशंट तुमच्या नजरेआड असतो ती वेळ त्याहून मोठी, कारण आधी बाहेरच्या खोलीत नंबर लागायची वाट आणि नंतर रिकव्हरीत तास-दोन तास. ही तिसरी वेळ सर्जनना नका विचारू, ओटीच्या सिस्टरना विचारा, त्यांनाच खरी माहिती असते.

मग पीएसी, म्हणजे भूलतज्ज्ञांकडून फिटनेस. लोक इथे सही-शिक्का घ्यायला गेल्यासारखे जातात, पण माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची भेट हीच. डॉक्टरांनी विचारलं घोरता का, ताई म्हणाली "थोडंसं." मागून भाऊजी, "थोडंसं? शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातं!" त्यावरून झोपेची टेस्ट झाली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे अडकतो तो, आणि रात्री लावायचं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन सुरू झालं, तेच मशीन मग ऑपरेशनच्या दिवशी बॅगेत भरून नेलं. म्हणून जी व्यक्ती तुमच्या खोलीत झोपते तिलाच बरोबर न्या. सिगरेट, तंबाखू, मिश्री, जे असेल ते खरं सांगा आणि डॉक्टर म्हणतील तेव्हापासून बंद करा. हलणारा दात, कवळी, कॅप पण सांगा, कारण घशात नळी घालताना तिथेच धक्का लागतो. आणि वजनाची इंजेक्शनं, ओझेम्पिक किंवा मौंजारो घेत असाल तर शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते लिहूनच न्या, या औषधांनी पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे उपाशी राहूनही आत अन्न राहू शकतं आणि भूल चढताना ते वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते. थांबवायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून ठरवू नका!

आता तुमच्या हातात काय आहे, तर ऑपरेशनआधीचं डाएट. साधारण दोन आठवडे देतात, प्रोटीनची पावडर, ताक, सूप, पातळ डाळीचं पाणी वगैरे. लोकांना वाटतं दोन किलो आधीच कमी करायला लावतायत, पण तसं नाही, लिव्हर छोटं करायला लावतायत. लिव्हरचा डावा भाग जठरावर आडवा पसरलेला असतो, चरबीने फुगलेला असला तर दुर्बिणीतून तो उचलून धरत काम करावं लागतं आणि वेळ तिथे जातो. ताई नवव्या दिवशी भाचीच्या बारशाला गेली, समोर जिलेबी आणि मठ्ठा, मठ्ठा घेतला, जिलेबीकडे बघत बसली. बरोबर श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं ते प्लास्टिकचं स्पायरोमीटर देतात, तेही रोज श्वास आत घेत ओढा, नंतर कामी येतं.

आदल्या रात्रीपासून जेवण बंद, साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते नीट विचारून घ्या. नेलपॉलिश काढा, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा नीट रीडिंग देत नाही. मंगळसूत्र, नथ, बांगड्या घरीच.

आत काय होतं ते ताईने नंतर सांगितलं. पाठीखाली चादरी-उशांची उतरंड करून तिला अर्धवट बसतं केलं, कान छातीच्या हाडाच्या लेव्हलला येईपर्यंत, मग मास्क लावून तीन-चार मिनिटं नुसता श्वास घ्यायला लावला. वजन जास्त असलं की फुप्फुसात हवेचा साठा कमी राहतो आणि ऑक्सिजन भराभर खाली येतो, म्हणून ही मिनिटं मुद्दाम घेतात, तिथे घाई नको असते. मग दुधासारखं पांढरं औषध शिरेतून, हाताला जरा चुणचुणलं, आणि पुढचं वाक्य तिचं रिकव्हरीतलं, "सुरू कधी करणार?"

मधल्या काळात भूलतज्ज्ञ बाहेर बसलेले नसतात. जठर कापायच्या मापाची जाड नळी तोंडावाटे बऱ्याचदा तेच घालतात. वेळ लांबली तर औषध लागेल तसं चालू राहतं, एकदाच मोठा डोस देऊन सोडून देत नाहीत, त्यामुळे अर्धा तास जास्त लागला म्हणून लगेच घाबरू नका. शेवटी भुलीचा गॅस बंद, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा, आणि पेशंट स्वतः नीट श्वास घेतोय, सांगितलेलं ऐकतोय याची खात्री झाल्यावरच नळी बाहेर. जाग आल्यावर घसा दुखतो, मळमळतं, दुर्बिणीच्या कामासाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, हे सगळं सांगितलेलं असलं की बरं. त्याच दिवशी उठवून चालवतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून.

बाहेर बसणाऱ्याने खाऊन घ्यायचं आणि फोन चार्ज ठेवायचा. आणि एक, बऱ्याच ठिकाणी कापलेलं जठर ट्रेमध्ये ठेवून दाखवायला बोलावतात, केळ्याएवढा लांबट गुलाबी तुकडा. भाऊजींनी तो बघितला आणि झालं म्हणून सगळ्यांना मेसेज टाकले. तेव्हा आत अजून लीक टेस्ट (जठराची शिवण कुठे गळत नाही ना ते बघणं), टाके आणि भूल उतरवणं बाकी होतं, ताई दिसली त्यानंतर दोन तासांनी, आणि तोवर सासरचे अकरा फोन येऊन गेले होते.