ओरेगनचा किनारा आणि क्रेटर लेक : आरव्हीसाठी मुक्कामाची जागा निवडताना

भारतातून आलेले आईवडील आणि शाळेला सुट्टी लागलेली मुले यांना घेऊन अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आठ-दहा दिवसांची आरव्हीची (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीची) सहल करायची असेल, तर यादीतली पहिली नोंद समुद्राची किंवा डोंगराची नव्हे, गाडीच्या लांबीची असावी. भाड्याने घेतलेली गाडी पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत किती फूट आहे, हे जाहिरातीवरून नव्हे तर भाडेकरारावरून पाहून लिहून ठेवावे, आणि तिची उंची चालकाच्या नजरेसमोर चिकटवून ठेवावी. आरक्षण करताना प्रत्येक जागेपुढे कमाल लांबी दिलेली असते. ती मर्यादा काटेकोरपणे पाळावी. आम्ही पहिल्या खेपेस 31 फुटी गाडी घेतली आणि 25 फुटांची जागा राखली. रात्री पावसात दोन झाडांच्या मधून गाडी मागे घेण्याचा तासभर प्रयत्न करून शेवटी ती जागा सोडावी लागली, आणि वडिलांना त्या दिवशी जेवायला अकरा वाजले. म्हणून नवख्या चालकाने शक्यतो एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी जागा घ्यावी, मग ती झाडांपासून थोडी लांब असली तरी चालेल.

दुसरी नोंद विजेची. जागेला 30 अँपिअरची जोडणी आहे की 50 ची, हे पाहणे आपल्या स्वयंपाकामुळे फार महत्त्वाचे ठरते. 30 अँपिअरच्या जोडणीवर एकूण सुमारे 3,600 वॅट मिळतात. छतावरचा एसी, इंडक्शनची शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू झाले की खटका पडतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर निदान एक दिवसाआड पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेली जागा ठेवावी. जेथे सांडपाण्याची जोडणी नाही तेथे डम्प स्टेशन (गाडीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याची जागा) कोठे आहे, ते आधीच नकाशावर टिपावे. भांड्यांचे तेलकट पाणी करड्या पाण्याच्या (शौचालयाखेरीजच्या सांडपाण्याच्या) टाकीत जाते आणि ती टाकी अपेक्षेपेक्षा लवकर भरते, म्हणून भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसून घ्यावीत. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी असावी आणि सांडपाण्याच्या नळीबरोबर एका कप्प्यात ठेवू नये.

आता किनारा. ओरेगनचा किनारा 363 मैलांचा आहे आणि 1967 च्या कायद्यामुळे पुळणी सर्वांना खुल्या आहेत, त्यामुळे समुद्र दिसावा म्हणून खासगी आरव्ही पार्कच घेतला पाहिजे असे मुळीच नाही. राज्य उद्यानांची कॅम्पग्राउंड माझ्या मते खासगी पार्कांपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. तेथे दोन गाड्यांमध्ये झाडी असते, मुलांना सायकल फिरवायला रस्ता मिळतो, आणि कित्येक ठिकाणी विजेची किंवा तिन्ही जोडण्यांचीही सोय असते. कपडे धुण्याचे यंत्र हवे असेल तेव्हा मात्र खासगी पार्क उपयोगी पडतो. उद्यानांचे आरक्षण सहा महिने आधीपासून घेता येते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर संपतात, म्हणून जुलैच्या सहलीची तारीख जानेवारीतच ठरवावी. परराज्यातून येणाऱ्या आरव्हीला अधिक दर पडतो, तोही हिशेबात धरावा.

समुद्राच्या अगदी कडेची जागा छायाचित्रात सुंदर दिसते, परंतु उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की गाडी रात्रभर हलते, आणि ऐन जुलैतही धुक्यात हवा गार राहते. आतल्या भागातल्या पोर्टलंड शहरात लोक उकाड्याने हैराण असताना येथे आईला स्वेटर आणि कानटोपी लागते. यासाठी मी फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला असलेले जेसी एम. हनीमन उद्यान सुचवीन. ते वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला, झाडीत आहे, आणि तेथील गोड्या पाण्याच्या तळ्यांमुळे मुलांचे पोहणे समुद्रावर अवलंबून राहत नाही. या किनाऱ्यावर अचानक आत येणारी मोठी लाट ओंडकेही उचलते, म्हणून मुलांना पुळणीवरच्या ओंडक्यांवर चढू देऊ नये आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये.

याच संदर्भात एक नोंद कधीही वगळू नये. 26 जानेवारी 1700 रोजी या किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया भूकंपपट्ट्यात सुमारे 9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची नेमकी तारीख जपानमध्ये पोचलेल्या त्सुनामीच्या जुन्या नोंदींवरून कळली. असा भूकंप पुन्हा झाला तर पहिली लाट येण्यापूर्वी हाताशी जेमतेम पंधरा-वीस मिनिटे असतात. म्हणून नेहॅलेम बे उद्यानासारखी जागा घ्यायची झाली, तर ती खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या दांड्यावर आहे हे लक्षात घेऊन उंच जमिनीकडे जाणारा मार्ग पोचल्याच दिवशी आईवडिलांसह चालून पाहावा. त्यांना ती वाट वेळेत चालणे जमत नसेल तर उंचावरची दुसरी जागा घ्यावी. जमीन जोराने हलली तर भोंग्याची वाट पाहू नये, विजेची तार आणि पाण्याची नळी काढत बसू नये, गाडी तेथेच सोडून पायी निघावे.

डोंगरातली जागा निवडताना तारीख सर्वांत महत्त्वाची. क्रेटर लेक राष्ट्रीय उद्यानात वर्षाला सरासरी 40 फुटांहून अधिक बर्फ पडतो. सुमारे 6,000 फुटांवरचे मझामा कॅम्पग्राउंड साधारण जूनमध्ये उघडते आणि सप्टेंबरअखेर बंद होते, उत्तरेचे प्रवेशद्वारही हिवाळाभर बंद असते, आणि तळ्याभोवतीचा रस्ता पूर्ण खुला व्हायला अनेकदा जुलै उजाडतो. जूनच्या सुरुवातीला जाणार असाल तर दक्षिणेकडून 62 क्रमांकाच्या महामार्गाने येण्याची तयारी ठेवावी. मझामात बहुतेक जागांना जोडण्या नाहीत, म्हणून आदल्या मुक्कामी पिण्याच्या पाण्याची टाकी भरून, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून आणि प्रोपेन तपासून निघावे. जनरेटर ठराविक वेळातच चालवता येतो. या उंचीवर पाणी सुमारे 94 अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर घरून न्यावाच. रात्री थंडी असते, ऑगस्टमध्येसुद्धा. अस्वलांचा वावर असल्याने खाण्याचे डबे, अगदी लोणच्याची बरणीही, बाहेरच्या टेबलावर ठेवू नये.

फ्लॉरेन्सहून तेथे जाताना 126 क्रमांकाच्या रस्त्याने यूजीन आणि पुढे 58 क्रमांकाने घाट चढणे सोयीचे. दोनशे मैलांच्या आसपासचे हे अंतर आरव्हीने एका दिवसात एवढेच करावे आणि त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. यूजीनहून पूर्वेला, सिस्टर्स गावाकडे वळायचे असेल तर मॅकेंझी खिंडीचा 242 क्रमांकाचा रस्ता टाळावा. त्यावर 35 फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे आणि वळणे अशी अरुंद आहेत की त्याहून लहान आरव्हीनेही जाऊ नये.

जुलैअखेरपासून वणव्यांचा काळ सुरू होतो. सप्टेंबर 2020 मध्ये 126 क्रमांकाच्याच रस्त्यावरचे ब्लू रिव्हर हे गाव जळून गेले, त्यामुळे डोंगरातल्या प्रत्येक मुक्कामासाठी परतीचा दुसरा रस्ता आणि रद्द करण्याचे नियम दोन्ही आधी वाचावेत. निघण्याच्या सकाळी ट्रिपचेक या संकेतस्थळावर रस्ते आणि एअरनाऊ या संकेतस्थळावर धुराचा (हवेच्या गुणवत्तेचा) निर्देशांक पाहावा. वडिलांना दम्याचा त्रास असेल तर निर्देशांक 100 च्या वर गेल्याबरोबर मुक्काम किनाऱ्याकडे हलवावा. शेकोटीवर बंदी आहे का, ते पोचल्यावर विचारावे. जळाऊ लाकूड घरून नेऊ नये, तेथेच विकत घ्यावे, कारण लाकडातून किडे पसरतात. ॲश वृक्ष मारणारा एमरल्ड ॲश बोरर हा भुंगा 2022 मध्ये ओरेगनमधल्या फॉरेस्ट ग्रोव्ह येथे सापडला आहे.

शेवटी आरक्षणाच्या पावत्या, जागांचे क्रमांक, दोन्ही टोकांचे नकाशे आणि आईवडिलांच्या औषधांची यादी कागदावर छापून चालकाशेजारच्या कप्प्यात ठेवावी, कारण किनाऱ्यालगतच्या 101 महामार्गाच्या काही भागांत आणि क्रेटर लेकच्या परिसरात फोनला रेंज नसते.