क्वांटम सर्किट लिहिताय? या चुका टाळा

‘क्यूबिट एकाच वेळी ० आणि १ असतो, म्हणून क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो.’ (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला बिट.) शिकायला सुरुवात करताना हे वाक्य माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढच्या बऱ्याच चुका यातूनच फुटतात, म्हणून आधी तेच दुरुस्त करू.

एक छोटा प्रयोग करा. ० अवस्थेतल्या क्यूबिटवर हॅडामार्ड गेट (० चं ० आणि १ यांच्या सम मिश्रणात रूपांतर करणारी क्रिया) लावा आणि मोजा. निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा १ येईल, नाणेफेकीसारखं. आता मोजण्याआधी आणखी एक हॅडामार्ड लावा. नाणं दोनदा उडवलं तरी निकाल बेभरवशाचाच राहतो, पण इथे दर वेळी ० येतो! कारण क्यूबिटमध्ये साठलेल्या असतात त्या थेट शक्यता नव्हेत, तर आयाम (अ‍ॅम्प्लिट्यूड), म्हणजे ज्यांच्या वर्गातून शक्यता मिळते त्या संख्या; आणि आयाम ऋणही असू शकतात. १ कडे जाणाऱ्या दोन वाटांचे आयाम एकमेकांना खोडतात, ० कडे जाणाऱ्या वाटांचे एकमेकांत मिळतात. लाटांच्या बाबतीत शाळेत शिकलेलं व्यतिकरण ते हेच. सगळी उत्तरं नुसती एकत्र मांडून मोजलं, तर त्यातलं कुठलं तरी एकच हाती लागतं, तेही नशिबाने. चुकीच्या उत्तरांचे आयाम खोडले जातील अशी गेटांची रचना शोधणं, हे अल्गोरिदम लिहिणाऱ्याचं खरं काम.

(खऱ्या मशीनवर हे करताना दोन गेटांच्या मध्ये बॅरियर, म्हणजे ‘इथे गेटं एकत्र करू नका’ अशी खूण, टाका. नाही तर ट्रान्सपायलर (सर्किट मशीनला चालेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) दोन्ही हॅडामार्ड काढून टाकू शकतो आणि प्रत्यक्षात रिकामं सर्किटच चालतं.)

मध्येच मोजून पाहणं

नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये काही अडलं की आपण मध्ये एक प्रिंट टाकतो. इथे तीच सवय घात करते. वरच्याच प्रयोगात दोन हॅडामार्डच्या मध्ये मापन घाला. निकाल पुन्हा निम्मे-निम्मे होतो. अवस्था बघायचीच असेल तर सिम्युलेटरवर, म्हणजे साध्या संगणकावर सर्किटची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर बघा, तिथे सगळे आयाम छापून मिळतात.

याहून छुपी चूक म्हणजे मधलं गणित ठेवायला घेतलेला मदतीचा क्यूबिट तसाच सोडून देणं. दोन हॅडामार्डच्या मध्ये मापनाऐवजी एक सीनॉट टाका, ज्यात पहिला क्यूबिट १ असेल तरच दुसरा उलटतो. कुणी काहीही मोजलेलं नाही, तरी पहिल्या क्यूबिटचे निकाल पुन्हा निम्मे-निम्मे! दुसऱ्या क्यूबिटमध्ये पहिल्याची खूण उरली, दोघं गुंतले आणि व्यतिकरण संपलं. या एका कारणापायी मी दोन संध्याकाळी सर्किटमधलं एकेक गेट तपासत बसलो होतो. उपाय असा: मदतीच्या क्यूबिटवरचं काम झालं की तीच गेटं उलट क्रमाने, प्रत्येकाचं व्यस्त गेट घेऊन लावा आणि त्याला पुन्हा ० वर आणून ठेवा. सर्किट लांबतं, पण हे टाळता येत नाही.

जास्त फेऱ्या म्हणजे जास्त अचूक?

लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेला शोधाचा अल्गोरिदम बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लिहून पाहतात. तीन क्यूबिट, आठ नोंदी, त्यातली एक हवी. एका फेरीनंतर ती सापडण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के, दोन फेऱ्यांनंतर सुमारे ९४.५ टक्के. मग तिसरी फेरी का नको? कारण तिसरीनंतर ती ३३ टक्क्यांवर कोसळते. प्रत्येक फेरी अवस्थेला ठरावीक कोनात फिरवते. लक्ष्य ओलांडलं की आपण त्यापासून दूर जाऊ लागतो. फेऱ्या नोंदींच्या वर्गमुळाच्या सुमारे ०.७८५ पट ठेवा. दहा लाख नोंदींना साधारण ७८५. फायदा वर्गमुळाइतकाच आहे, हेही इथेच दिसतं.

उत्तर उलटं येतंय?

०१ अपेक्षित असताना १० आलं, तर गणित तपासण्याआधी बिटांचा क्रम तपासा. किस्किट या आयबीएमच्या क्वांटम प्रोग्रॅमिंग साधनात शून्य क्रमांकाचा क्यूबिट उजव्या टोकाला छापला जातो. अनेक पुस्तकांत तो डावीकडे असतो. आणि १००० वेळा चालवून ५०० ऐवजी ५१५ आले तर ती चूक नव्हे. एवढा फरक पडतोच. टक्केवारीतला हा फरक निम्म्यावर आणायला चौपट वेळा चालवावं लागतं.

सिम्युलेटरवर बरोबर, मशीनवर गोंधळ

दोन क्यूबिटांच्या गेटमध्ये अर्धा टक्का चूक धरा. अशी २०० गेटं झाली की सगळं निर्दोष पार पडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. त्यात मशीनवर प्रत्येक क्यूबिट प्रत्येकाला जोडलेला नसला, तर ट्रान्सपायलर स्वॅप (दोन क्यूबिटांची अदलाबदल) घालतो आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट. म्हणून तुम्ही लिहिलेलं सर्किट नव्हे, ट्रान्सपाइल झालेलं सर्किट उघडून गेटं मोजा.

नुसत्या क्यूबिटांच्या आकड्यावरून मशीन निवडणं चुकतं ते याचमुळे. आयबीएमने २०२३ च्या अखेरीस ११२१ क्यूबिटांची काँडॉर आणि १३३ क्यूबिटांची हेरॉन चिप एकत्रच जाहीर केली, आणि कमी चुकांमुळे पुढची वाटचाल हेरॉनच्या वाटेने झाली. गूगलच्या २०२४ च्या विलो चिपवरही क्यूबिट १०५ च. तिचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी: एका तार्किक क्यूबिटसाठी (अनेक प्रत्यक्ष क्यूबिट मिळून बनलेला, चुका सावरणारा क्यूबिट) जास्त भौतिक, म्हणजे प्रत्यक्ष क्यूबिट वापरले तशी चूक वाढण्याऐवजी घटत गेली.

उपयोगाबद्दलच्या चुका

प्रत्येक अवघड प्रश्नाला क्वांटम लावू नका. प्रचंड डेटा आत भरण्यातच वेळ जाणार असेल, तर वेग मिळण्याआधीच हरवतो. प्रश्न लहान आणि त्यातलं गणित प्रचंड, अशी कामं इथे शोभतात. पीटर शोर यांचा १९९४ चा अल्गोरिदम मोठ्या संख्येचे अवयव शोधतो; तिथेही दडलेला आवर्तनकाल व्यतिकरणानेच उघडा पडतो. असे अवयव शोधणं कठीण असण्यावरच टिकलेली आरएसए-२०४८ ही कूटपद्धती फोडायला दोन कोटी गोंगाटी, म्हणजे चुका करणारे, क्यूबिट लागतील असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आला. आजची मशीनं तिथून फार लांब आहेत, पण आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उलगडता येईल. दीर्घकाळ गुप्त ठेवायचं काही असेल तर २०२४ मध्ये निस्ट या अमेरिकी संस्थेने प्रमाणित केलेल्या नव्या कूटपद्धतींकडे वळायला थांबू नका.

मला स्वतःला मात्र सर्वाधिक आशा रेणूंकडून आहे. १९८१ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी निसर्ग क्वांटम आहे, तर त्याची नक्कलही क्वांटम यंत्रानेच करावी, असा विचार मांडला. नायट्रोजनेज या विकराच्या मदतीने जिवाणू नेहमीच्या तापमानाला हवेतला नायट्रोजन पकडतात. तेच काम आपण खतासाठी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन करतो. त्या विकराच्या गाभ्यातले लोह-मॉलिब्डेनमचे इलेक्ट्रॉन इतके एकमेकांत गुंतलेले आहेत, की नेहमीच्या संगणकावर त्यांचं अचूक गणित मांडणं फार कठीण जातं. हा प्रश्न दोन-तीन क्यूबिटांवर सुटणार नाही. सरावासाठी हायड्रोजनचा रेणू घ्या. तो दोन क्यूबिटांत मावतो आणि त्याचं उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे आपलं कुठे चुकलं ते लगेच कळतं.