शांतता आणि न्यायासाठी झटलेल्या स्त्रियांचे प्रदर्शन कसे उभारावे

नाशिकमधील एखाद्या शाळेत, महाविद्यालयात किंवा वाचनालयात शांतता आणि न्यायासाठी लढलेल्या स्त्रियांवर छोटे प्रदर्शन भरवायचे असेल, तर सुरुवात तसबिरींपासून करू नये. ओळीने पंधरा चेहरे आणि खाली जन्ममृत्यूच्या तारखा लावल्या की पाहणारा दोन मिनिटांत बाहेर पडतो. तिने काय मागितले, कोणाकडे मागितले आणि त्यासाठी प्रत्यक्ष काय केले, हे प्रत्येक फलकावरून कळले पाहिजे. असे पाच फलक पुष्कळ झाले.

पहिला फलक पंचवटीचा असावा. काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रहासाठी २ मार्च १९३० रोजी प्रचंड मिरवणूक निघाली आणि दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चारही दरवाजांपुढे जी पहिली तुकडी बसली, तिच्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांची नावे नाशिककरांना सांगावी लागत नाहीत. त्या पंचवीस जणींची नावे मात्र सहसा कोणाला सांगता येणार नाहीत. म्हणून येथे छायाचित्राच्या शोधात न अडकता मंदिराचा साधा आराखडा काढावा, त्यावर चारही दरवाजे दाखवावेत आणि शेजारी पंचवीस रिकाम्या ओळी आखून ठेवाव्यात. जुनी वृत्तपत्रे आणि आठवणींची पुस्तके चाळून जेवढी नावे खात्रीने मिळतील, तेवढीच त्या ओळींवर लिहावीत.

सावित्रीबाई फुले यांच्या फलकावर १८४८ च्या शाळेपेक्षा १८६३ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहाला, म्हणजे गरोदर विधवांना सुरक्षित बाळंतपणासाठी आसरा देणाऱ्या घराला, अधिक जागा द्यावी, कारण शाळा मुलांना पाठच असते. गोदावरी परुळेकर यांच्या फलकासाठी १९४५ चा वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा घ्यावा.

परदेशातील दोनच प्रसंग निवडावेत, पण ते नीट सांगावेत. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना एप्रिल १९१५ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथे अमेरिकन समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची परिषद भरली आणि तिला युद्धात एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या देशांतील स्त्रियाही आल्या. ब्रिटनमधून शंभराहून अधिक जणींना यायचे होते, परंतु समुद्रमार्ग बंद झाल्याने तिघीच पोहोचू शकल्या. तटस्थ देशांनी मध्यस्थी करावी, असा ठराव करून त्या थांबल्या नाहीत. त्यांची शिष्टमंडळे युरोपातील सरकारांच्या दारी गेली. स्त्रियांना मताधिकार हवा, हीसुद्धा याच परिषदेची मागणी होती, त्यामुळे शांतता आणि न्याय एकाच फलकावर कसे येतात, हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. दुसरा प्रसंग अर्जेंटिनाचा: लष्करी राजवटीत बेपत्ता केलेल्या मुलांचा जाब विचारण्यासाठी ३० एप्रिल १९७७ रोजी ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात चौदा माता जमल्या. त्यांच्यातील पुढारी असुसेना विलाफ्लोर यांनाच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पळवून नेण्यात आले.

मजकूर जाड कार्डशीटवर, चार फुटांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावा. फ्लेक्स शक्यतो टाळावा. त्यावर सत्याग्रहींपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होतात. समाजमाध्यमांवर फिरणारी अवतरणे मूळ पुस्तकात सापडल्याखेरीज लावू नयेत. त्यासाठी १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी बसून पडताळणी करावी.

बाहेर पडण्याच्या वाटेवर एक वही ठेवावी. कोणाची आजी किंवा पणजी काळाराम सत्याग्रहात होती असे समजल्यास तिचे नाव, गाव आणि माहिती सांगणाऱ्याचे तिच्याशी नाते वहीत लिहून घ्यावे, मात्र कुटुंबाची संमती आणि दुसरा पुरावा मिळाल्यावरच ते नाव फलकावर चढवावे.