नाताळच्या जेवणाला घरचे मऊ पाव, आपल्या गोव्याच्या हवेत

आमच्याकडे फोंड्याला पोदेर (पाववाला) रोज भोंपू वाजवत येतो, उंडे, पोई, काटरे पाव सगळं दारात मिळतं, त्यामुळे पाव घरी कशाला असं सगळेच विचारतात. पण दूध-बटर घातलेले, ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून फुगलेले आणि तोडताना धागे सुटणारे ते डिनर रोल वेगळे, आणि शागोतीचा रस्सा पुसून खायला मला तरी त्यांच्याइतकं काही आवडत नाही. दिवाळीला आपला फराळ शेजारी जातो, नाताळला त्यांच्याकडून दोदोल-नेवऱ्या येतात, आणि २५ तारखेला त्यांच्याकडे जेवायला जाताना हा ट्रे आमच्या हातात असतो.

साहित्य १५ पावांचं. मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम (अमूलचं खारं बटर असेल तर ७ पुरे), एक अंडं, बटर ६० ग्रॅम आणि दूध साधारण २७० मिली. वजनकाटा असेल तर प्लीज तोच वापरा, वाटीने मैदा दर वेळी कमीजास्त होतो.

यीस्टचं पाकीट आधी उघडून ठेवलेलं असेल तर थोडं यीस्ट कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून बघा, १० मिनिटांत फेस आला नाही तर ते गेलं, त्याच्यावर मैदा वाया घालवू नका. उघडलेलं पाकीट घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवायचं, आपल्या दमट हवेत बाहेर टिकत नाही.

आता खरी गोष्ट. मी पहिल्यांदा केले तेव्हा थंड देशातली रेसिपी जशीच्या तशी पाळली, दूध गरम केलं, पीठ दोन तास झाकून ठेवलं, झाकण काढलं तर आंबूस वास आणि पीठ मधून खचलेलं, ओव्हनमध्ये पाव बसले ते बसलेच. डिसेंबरात सुद्धा आपल्याकडे दुपारी ३०-३२ डिग्री असतं, तिथे एवढा वेळ लागतच नाही. दूध फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेलं चालतं, आणि घड्याळापेक्षा पिठाकडे बघायचं.

परातीत मैदा, साखर, यीस्ट, मीठ मिसळा, अंडं आणि २५० मिली दूध घालून गोळा करा, उरलेलं दूध लागेल तसं चमच्याने. १० मिनिटं तसंच ठेवा आणि मग मळा, बटर शेवटी थोडं थोडं. सुरुवातीला पीठ हाताला एवढं चिकटेल की वरून मैदा घालायचा मोह होईल, घालू नका, पाव कोरडे होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. १२-१५ मिनिटं मनापासून मळलं की ते आपोआप सुटतं. चिमटीएवढा तुकडा ताणून बघायचा, न फाटता पातळ पडदा झाला आणि पलीकडचा उजेड दिसला की झालं.

तेल लावलेल्या भांड्यात झाकून ठेवा. त्यातलाच लिंबाएवढा गोळा सरळ काचेच्या ग्लासात दाबून बाहेरून त्याच्या उंचीला रबरबँड लावा, गोळा दुप्पट वर आला म्हणजे मोठं पीठही तयार (दुपारी साधारण ५० मिनिटं). मग हा गोळा परत पिठात मिसळा.

हवा काढून साधारण ६३ ग्रॅमचे १५ गोळे करा. कडा खाली ओढून तळाशी चिमटून ओट्यावर गोल फिरवायचे, वरचा भाग ताणलेला आणि गुळगुळीत हवा. बटर लावलेल्या ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये पाच-पाचच्या तीन ओळी, मध्ये बोटभर जागा, वर ओलं फडकं. ३०-४० मिनिटांत एकमेकांना टेकतात. बोटाने हलकंच दाबा, खळगा हळूहळू अर्धा भरला तर बेक करा, झटकन भरला तर अजून थांबा.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १८० डिग्रीवर १५ मिनिटं आधीच तापवा, दोन्ही रॉड चालू. पावांवर दूध लावून मधल्या रॅकवर २० ते २२ मिनिटं, वरून लवकर लाल झाले तर फॉइल टाका. काढल्या काढल्या बटर लावून फडक्याने झाका म्हणजे वरचं कवच मऊ राहतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात गर्दी असेल तर आदल्या रात्री गोळे ट्रेमध्ये लावून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून तासभराने, टेकले की बेक करा. आणि काही उरलेच तर सकाळी मधून कापून तव्यावर तुपात शेकायचे, सोबत पातळभाजी.