थाई-चायनीज घरी करताय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माहेरची माणसं जेवायला येणार म्हणून मी थाई करीचा घाट घातला, नारळाचा पहिला दाट रस काढून थेट कढईत ओतला, गॅस फुल, वरून लिंबू पिळलं आणि बघते तर नासलेल्या दुधासारखे कण वर आणि पाणी खाली. सासूबाई डोकावल्या, म्हणाल्या, "रोस फुटलो गो." सोलकढी कधी गॅसवर चढवायची नसते हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यासमोरच हा प्रकार!

चूक साधी होती. भाजी-मासे पातळ रसात शिजवायचे, दाट रस शेवटी मंद आचेवर आणि आंबट काय ते गॅस बंद केल्यावर. फुटलाच तर टाकून देऊ नका, चव बिघडत नाही, चमचाभर कॉर्नफ्लोर गार पाण्यात कालवून घाला (गरम पाण्यात कालवलंत तर गुठळ्या घेऊन बसाल). गंमत म्हणजे थाई लोक सुरुवातीला दाट रस मुद्दाम फुटेपर्यंत आटवतात आणि सुटलेल्या तेलात करी पेस्ट परततात. पण पॅकेटच्या दुधात बऱ्याचदा स्टॅबिलायझर असतो, मग तेल सुटता सुटत नाही, उगाच वाट बघू नका, सरळ चमचाभर तेल घालून पेस्ट परता.

सोया सॉसमध्ये तर निम्मे लोक फसतात. बाटलीवर लाइट लिहिलंय म्हणजे मीठ कमी असं वाटतं ना? उलट आहे. लाइट म्हणजे रंगाने फिका आणि पातळ, खारटपणा त्यातच जास्त. डार्क घट्ट, किंचित गोडसर, तो रंगासाठी, अर्धा चमचा पुरे. लाइटच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं म्हणजे 2 ग्रॅमच्या वर मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, तेव्हा तीन चमचे सॉस ओतून वर सवयीने मीठ घालणाऱ्यांनी जरा दम धरावा. आधी सॉस, मग चव बघा, मगच मीठ. फिश सॉसलाही हाच नियम. खारट झालंच तर बटाटा वगैरे टाकत बसू नका, भाज्या नाहीतर भात वाढवा.

सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी हे नीट वाचा. थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा सुंगटांची म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, आणि ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क, तो 'व्हेज' नूडल्समध्ये बिनधास्त घातलेला मी पाहिलाय. हिरवी खूण आणि मागची यादी दोन्ही बघा.

लेमनग्रास म्हणजे परसातला गवती चहाच, पण आपण पाती चहात टाकतो आणि करीला लागतो तो बुंध्याचा पांढरट भाग, ठेचून. पातीच असतील तर गाठ मारून टाका आणि वाढताना काढा, नाहीतर पाहुणे दातात अडकलेलं गवत काढत बसतील. भाजलेल्या तिळाचं काळपट तेल फोडणीला नाही, उतरवल्यावर चमचाभर. राइस नूडल्स उकळू नका, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पुढचं कढईत होतं, नाहीतर शिरवाळ्यांचा लगदा.

आता तिरफळं. सिचुआन मिरी आणि आपली तिरफळं एकाच कुळातली, जीभ बधिर करणारी, आणि दोन्हीकडे नियम तोच की आतली काळी बी फेकायची, ती दाताखाली वाळूसारखी लागते, कामाचं फक्त टरफल. तिकडे ते कोरडं भाजून कुटतात, आपण पाण्यात चेचून हुमणात म्हणजे माशांच्या आमटीत सोडतो, वाटणात घालत नाही कारण कडवटपणा येतो. सिचुआन मिरी मिळाली नाही तर तिरफळं चालतील पण वास वेगळा आणि जबरी असतो, चार-पाच टरफलांच्या वर जाऊ नका. मी मापो टोफू या सिचुआनी पदार्थात मूठभर घातली होती. पहिला घास घेऊन धाकट्या दिराने वाटी ढवळून बघितली आणि विचारलं, "वहिनी, बांगडा खंय गेलो?"