डीजे व्हायचंय? आधी ठेका सांभाळा

वाशीतल्या एका पबमध्ये मला पहिली शुक्रवारची रात्र मिळाली. त्याआधी चार महिने कोपरखैरण्यातल्या घरी मी लांब मिक्स घोटत होतो, एका गाण्यातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळूच नये असे. दहा मिनिटांत एकाने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर गाण्याचं नाव. मागोमाग दुसरा. मी घाबरलो आणि दर चाळीस सेकंदांनी गाणं बदलत सुटलो. प्रत्येक हुकला, म्हणजे गाण्याच्या तोंडात बसणाऱ्या ओळीला, आरडाओरडा, मोबाईल वर, आणि कडवं सुरू झालं की मंडळी टेबलाकडे. बारा वाजता फ्लोअरवर वेटरच जास्त होते.

2020 मध्ये टिकटॉक बंद झालं आणि लगेच रील्स आल्या, तेव्हापासून गाण्याचा एक तुकडाच लोकांच्या तोंडी असतो. बाकीचं गाणं त्यांनी ऐकलेलंच नसतं. त्यात हातात कॅमेरा धरला की नाचणार कशाने?

पण ‘हल्लीच्या पोरांना दमच नाही’ हे मला पटत नाही. घणसोलीला आगरी हळदीत वाजवतो तेव्हा त्याच वयाची पोरं तासभर खाली बसत नाहीत. तिथेही गाणी भराभर बदलतात, कारण उघड्यावर रात्री 10 ला स्पीकर बंद करावा लागतो, निवांत रंगवायला वेळच नसतो. मात्र ठेका तुटत नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं: कानाला नवं हवं असतं, पायाला तेच ते.

म्हणून मी आता वरचं बदलतो, खालचं ठेवतो. हाउसचा, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा, वेग 128 बीपीएम (मिनिटाला 128 ठोके) असेल तर 32 बीट्सना, म्हणजे ठोक्यांना, बरोबर 15 सेकंद लागतात. म्हणजे एक छोटी रील. ड्रमचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, चालू ठेवायचा, त्यावर ओळखीच्या हुकमधला नुसता गायकाचा आवाज सोडायचा, आणि 32 मोजून झाले की जुन्या गाण्याचा बेस उतरवून नव्याचा चढवायचा. दोन्ही बेस एकत्र वाजले की नुसता गोंगाट होतो. सुरुवातीला सगळे हीच चूक करतात. सिंक बटण खुशाल वापरा, पण 32 मोजायची सवय स्वतःला लावा, कारण सिंक वेग जुळवतं, गाण्याचा कप्पा (कडवं, धृपद) कुठे संपतो ते तुम्हालाच ऐकावं लागतं. हॉट क्यू, म्हणजे बटण दाबताच गाण्यातल्या हव्या त्या जागी नेणाऱ्या खुणा, घरूनच लावून न्या.

सुरुवातीचा अर्धा तास असे पटापट तुकडे चालतात. गर्दी जमली, खांदे हलायला लागले, की एखादं गाणं तीन-चार मिनिटं पूर्ण वाजू द्या. पहिल्यांदा हात शिवशिवतील. बऱ्याचदा कंटाळलेला डीजेच असतो, फ्लोअर नव्हे.

फर्माईशीचा मोबाईल अजूनही समोर येतोच. मी हसून तीन बोटं दाखवतो, तीन गाण्यांनंतर. तोवर निम्मे जण काय मागितलं होतं तेच विसरलेले असतात.