सिझेरियननंतर बाळंतिणीची स्मरणशक्ती कशी तपासावी

‘भूल दिल्यापासून काही लक्षातच राहत नाही,’ असं बाळंतीण सांगते, तेव्हा उत्तर द्यायला आधीची नोंद लागते. म्हणून ठरलेलं सिझेरियन असेल तर पहिली तपासणी आदल्या संध्याकाळीच करा.

पाच मिनिटं पुरतात. पाच शब्द सांगा (विहीर, चमचा, आंबा, शाळा, पिवळा) आणि लगेच म्हणून घ्या. मग आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. त्याऐवजी नेहमी विचारलं जाणारं शंभरातून सात वजा करत जाणं शाळा कमी शिकलेल्या बाईवर अन्याय करतं. शेवटी तेच पाच शब्द पुन्हा विचारा. २४ आणि ७२ तासांनी हेच करा, पण शब्द दर वेळी नवे घ्या. जुनेच ठेवले तर पाठांतराने गुण वाढतात आणि खरी घट झाकली जाते. टाके ठणकत असताना किंवा बाळ रडत असताना तपासू नका.

आता भुलीचा कागद (कोणती भूल, कोणती औषधं दिली याची नोंद) उघडा. मणक्यात दिलेलं बधिर करणारं औषध, ०.५ टक्के हेवी ब्युपिव्हाकेन (२ मिली म्हणजे १० मिग्रॅ) स्वतःहून गुंगी आणत नाही. मात्र बाळ बाहेर आल्यावर शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं असेल, तर त्यानंतरच्या काही काळाच्या आठवणी नीट बनत नाहीत. बाळाला पहिल्यांदा जवळ घेतलेलं आईला आठवत नाही, ते यामुळे. हे तिला नीट समजावून सांगा, ती स्वतःला दोष देत असते. पूर्ण भुलीनंतर पहिल्या काही तासांत गुण कमी येणारच, ती उरलेली गुंगी आहे.

सगळ्यात मोठी चूक तुलनेत होते. पूर्ण भूल बहुधा तातडीच्या केसमध्ये दिली जाते. तिथे रक्तस्राव, रात्रभरच्या कळा आणि भीती आधीच असते. ठरलेल्या, मणक्यात भूल दिलेल्या (स्पायनल) केसशी ताडून पाहिलं की दोष भुलीवर जातो. म्हणून हिमोग्लोबिन, किती तास झोप झाली आणि केस तातडीची होती का, हे गुणांशेजारीच लिहा.

गोंधळलेली बाळंतीण मात्र चाचणीसाठी थांबवू नका. आधी रक्तदाब, ऑक्सिजन, साखर, सोडियम पाहा. १४०/९० किंवा जास्त दाब, डोकेदुखी आणि अंधुक दिसणं म्हणजे झटके येण्याचा धोका. डॉक्टरांना तत्काळ बोलवा. बसल्यावर वाढणारी, आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी बहुधा स्पायनलच्या सुईची असते. तीही भूलतज्ज्ञांना कळवा. झोप न येता असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि तिला बाळासोबत एकटी ठेवू नका.